आप्पांचा फ्लॅश, माझा कॅमेरा आणि मधले २६८ व्होल्ट

घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी, ८ ऑक्टोबर २०२३ ला, कराडच्या घरी माळा साफ करायला काढला होता. गोधड्या धुऊन गच्चीवर वाळत होत्या, आई खालून ओरडत होती, आणि पत्र्याच्या ट्रंकेत निगेटिव्हच्या पाकिटांखाली मला आप्पांचा फ्लॅश सापडला. व्हिव्हिटार २८३. बूड उलटं करून बघितलं तर ‘मेड इन जपान’. आप्पांनी या एका फ्लॅशवर वीसेक वर्षं लग्नं, बारशी आणि शाळांची स्नेहसंमेलनं काढली. स्टुडिओ बंद झाल्यावर तो ट्रंकेत गेला तो गेलाच.

माझ्याकडे निकॉनचा डी ५६०० आहे. फ्लॅशचा पाय कॅमेऱ्याच्या वरच्या खाचेत अगदी बरोब्बर बसत होता. अर्धा सरकवलाही होता मी. तेवढ्यात आप्पा जिन्यातून वर आले आणि म्हणाले, “काढ तो. आधी काढ.”

आप्पांचा आवाज सहसा चढत नाही, म्हणून मी मुकाट काढला. मग चहाच्या वेळी त्यांनी सांगितलं. त्यांच्या एका मित्राने नवा डिजिटल कॅमेरा घेतला, हौसेने जुना फ्लॅश त्यावर चढवला आणि एका हळदीला शंभरेक फोटो काढले. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी लग्नात फ्लॅश आपोआप उडायला लागला. चार्ज झाला की उडायचा, बटण दाबा नाहीतर नका दाबू. पुढे कोणताच फ्लॅश त्या कॅमेऱ्यावर चालेना. “पहिल्या फोटोला जळला असता तर बरं झालं असतं,” आप्पा म्हणाले. “निदान कशानं जळला ते तरी कळलं असतं.”

हे का होतं ते मला पुढच्या तीन महिन्यांत तुकड्यातुकड्याने कळलं, पण इथे आधीच सांगून टाकते. जुन्या कॅमेऱ्यात फ्लॅश उडवायला धातूच्या दोन पट्ट्या असायच्या. शटर उघडलं की त्या एकमेकींना टेकायच्या, संपलं. त्यांच्यातून ६ व्होल्ट जावोत की ३००, पट्ट्यांना फरक पडत नसे. म्हणून फ्लॅश बनवणाऱ्यांनीही फिकीर केली नाही. फ्लॅशच्या पायाला मधोमध जो टिपका असतो, त्याच्यावर अडीचशे-तीनशे व्होल्ट उभे राहिले तरी चालायचं. आताच्या कॅमेऱ्यात पट्ट्यांच्या जागी अर्धवाहकाचा इवलासा स्विच आहे. त्याला झेपेल तेवढंच झेपतं. १९९२ च्या आयएसओ १०३३० या मानकात कॅमेऱ्याच्या बाजूला २४ व्होल्टचा आकडा आहे, पण आमचा फ्लॅश त्याच्या आधीचा.

आप्पांना हे व्होल्ट माहीत होते, पण आकड्यात नव्हे. मे महिन्यातल्या लग्नात घामेजलेल्या बोटांना सिंक कॉर्डच्या, म्हणजे कॅमेरा आणि फ्लॅश जोडणाऱ्या तारेच्या, टोकाचा बारीक चटका बसायचा म्हणे. “मुंगी चावल्यागत,” ते म्हणाले.

माझ्या कॅमेऱ्याचं मॅन्युअल उघडलं. त्यात इशारा आहे की खाचेवर २५० व्होल्टपेक्षा जास्त किंवा उलट दिशेचा दाब आला तर कॅमेऱ्याचं सर्किट बिघडू शकतं. हे वाचून मला उगाच धीर आला. २५० म्हणजे पुष्कळ झाले की! सगळ्या कंपन्या एवढ्या उदार नाहीत. काही जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांसाठी तर ६ व्होल्टचाच आकडा सांगितला जातो. त्यामुळे ‘मैत्रिणीच्या कॅमेऱ्यावर चालला’ हा पुरावा धरू नका, आपलं मॅन्युअल बघा.

दसऱ्याची सुट्टी धरून २१ ऑक्टोबरला पुन्हा कराडला गेले. फ्लॅशचे व्होल्ट मोजायचे तर आधी तो जिवंत करणं भाग होतं. सेलच्या डबीत शेवटचे अल्कलाइन पेन्सिल सेल तसेच राहिले होते आणि गळून पांढरा क्षार जमला होता. कानकोरणीच्या कापसाला व्हिनेगर लावून तो उतरवला, मग स्पिरिटने पुसलं, रात्रभर पंख्याखाली ठेवलं. पत्र्या खालून हिरव्या झाल्या होत्या, त्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासल्या.

दुसऱ्या दिवशी नवे सेल घातले. इथे घाई करू नका. फ्लॅशच्या पोटातला मोठा कपॅसिटर वर्षानुवर्षं पडून राहिला की आतला थर झिजतो आणि पहिल्या चार्जिंगला तो तापू शकतो. मी फ्लॅश गच्चीवर फरशीवर ठेवला, स्विच चालू केला आणि चार पावलं मागे सरले. आधी काहीच नाही. मग ती ओळखीची बारीक शिट्टी, खालून वर चढत जाणारी. लहानपणी ही शिट्टी ऐकली की मी डोळे मिटून घ्यायचे.

“वाजतोय का?” आप्पांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे बघितलं. फ्लॅश आमच्या दोघांपासून सारख्याच अंतरावर होता.

“वाजतोय,” मी म्हणाले.

नारिंगी दिवा लागायला जवळजवळ पाऊण मिनिट लागलं. अर्धा तास तसाच चालू ठेवला, हात लावून बघितला, गरम नव्हता. टेस्टचं बटण दाबलं आणि भर दुपारी गच्ची पांढरी झाली. असं तीन दिवस, रोज दोनदा. तिसऱ्या दिवशी दिवा बारा सेकंदांत लागायला लागला. जुना फ्लॅश घरात असेल तर वापरा-न वापरा, महिन्यातून एकदा असा चार्ज करून चार वेळा उडवावा. वास आला, कुठे फुगवटा दिसला किंवा गुरगुर ऐकू आली तर लगेच बंद करून सेल काढा आणि नाद सोडा. उघडू मात्र नका. सेल काढल्यावरही आत तीनशेच्या वर व्होल्ट बराच वेळ टिकून राहतात आणि तो झटका मुंगीचा नसतो.

खंडेनवमीला, २३ तारखेला, आप्पांनी फ्लॅशला हळद-कुंकू वाहिलं. स्टुडिओ होता तेव्हा दर वर्षी कॅमेरे मांडून पूजा व्हायची. यंदा पाटावर एक फ्लॅश आणि माझा डी ५६००, दोघांत वीतभर अंतर ठेवून.

दसऱ्याला मोजलं. घरात तो सगळ्यांकडे असतो तसा पिवळा मीटर होता, डीटी ८३० डी, शंभर-दीडशे रुपयांत मिळणारा. पद्धत सोपी आहे. नवे सेल, फ्लॅश चालू, दिवा लागू द्यायचा. मीटर डीसीवर, सर्वांत मोठ्या म्हणजे १००० च्या घरात. लाल टोक पायाच्या मधल्या टिपक्यावर, काळं टोक कडेच्या धातूच्या पट्टीवर. दोन्ही टोकं एकमेकांना टेकली तर फ्लॅश उडतो, म्हणून तोंड समोर नको. एकाने धरायचं, दुसऱ्याने वाचायचं.

१४२.

आम्ही चारदा मोजलं, चारही वेळा १४१ ते १४३. मॅन्युअल म्हणतं २५०. मी आनंदाने उडी मारली आणि कॅमेरा आणायला आत गेले. आप्पा मात्र मान हलवत होते. त्यांना आकड्यातलं काही कळत होतं असं नाही, पण “रेडिओवाल्याला दाखवू, मग लाव” एवढंच ते धरून बसले. मी चिडले. साठ हजारांचा कॅमेरा माझा, काळजी यांना!

२५ तारखेला पुण्याच्या गाडीआधी आम्ही रेडिओवाल्या काकांच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे सहा बाय आठची खोली, भिंतीवर एकावर एक रचलेले टेपरेकॉर्डर, आणि मधोमध काका डोळ्याला भिंग लावून. त्यांनी माझा पिवळा मीटर हातात घेतला, पुन्हा मोजला, १४२. मग ड्रॉवरमधून स्वतःचा मीटर काढला.

२६८.

“ताई, तुमचा मीटर खोटा नाही,” काका म्हणाले. “पण तो मोजता मोजता पितो. समजा नळाची धार करंगळीएवढी आहे आणि तुम्ही खाली भोक पडलेली बादली लावली. बादली कधी भरणार? तुम्ही म्हणणार पाणी एवढंच आहे. माझ्या बादलीचं भोक बारीक आहे, एवढाच फरक.”

म्हणजे असं की त्या पिवळ्या मीटरचा आतला रोध १ मेगाओहम असतो, काकांच्या मीटरचा १० मेगाओहम. फ्लॅशच्या टिपक्यामागेही साधारण १ मेगाओहमचा रोध बसवलेला, त्यामुळे माझ्या मीटरने निम्मा दाब स्वतःच खाल्ला होता. काकांनी पाठकोऱ्या पावतीवर दोन ओळींचं गणित करून दाखवलं. कोणी काहीच पीत नसेल तेव्हा खरा दाब २९७ च्या आसपास. कॅमेऱ्याची मर्यादा २५०.

या अनुभवातलं एकच काही घ्यायचं तर हे घ्या. मीटरच्या कागदावर ‘इनपुट इम्पीडन्स १० मेगाओहम’ असं लिहिलेलं नसेल तर त्याच्यावर आलेल्या आकड्यावर विसंबू नका. आकडा कमी येतो, आणि कमी आकडाच आपल्याला हवा असतो.

गाडीत मी आप्पांना फोन करून ‘बरं झालं’ वगैरे काही म्हणाले नाही. घरी पोचल्याचं तेवढं कळवलं.

पुण्यात आल्यावर मला वाटलं, अधिकृत उत्तर घ्यावं. २६ तारखेला सर्व्हिस सेंटरला मेल टाकला: अमुक फ्लॅश, अमुक व्होल्ट, मधे काय लावू, आणि बिघडलाच तर खर्च किती. अकरा दिवसांनी, ६ नोव्हेंबरला उत्तर आलं की फक्त शिफारस केलेली उपकरणं वापरावीत. खर्चाचा अंदाज हवा असेल तर कॅमेरा जमा करून तपासणी शुल्क भरावं. बिघडलेला नाही म्हटलं तरी जमा करावा लागेल, असं फोनवर सांगितलं. त्यांचंही बरोबरच असेल. पण तुम्ही त्या उत्तरासाठी थांबू नका.

दरम्यान पर्याय शोधत होते. वाईन कंपनीचा सेफ-सिंक नावाचा ठोकळा मिळतो. तो खाचेत आणि फ्लॅशमध्ये बसतो आणि कॅमेऱ्यापर्यंत ६ व्होल्टपेक्षा कमी पोचू देतो. जमत असेल तर हाच सरळ रस्ता. माझ्या हिशेबात तो बाहेरून मागवून, पोस्टेज आणि कस्टम धरून, फ्लॅशच्या किमतीच्या कितीतरी पट जात होता. दुसरा रस्ता रेडिओ ट्रिगरचा. फ्लॅश लांब स्टँडवर, कॅमेऱ्यावर फक्त छोटा ट्रान्समीटर, म्हणजे कॅमेऱ्याला धोका नाही. पण मग तेच व्होल्ट रिसीव्हरच्या डोक्यावर बसतात. मी मागवलेल्या स्वस्त रिसीव्हरच्या चिठोऱ्यावर बारीक अक्षरात १२ व्होल्ट लिहिलेलं होतं. परत पाठवला. तिसरा, डोळ्याचा स्लेव्ह: कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश चमकला की तो जुन्याला उडवतो. यात गोम अशी की कॅमेऱ्याचा फ्लॅश फोटोआधी मोजमापासाठी एकदा हलकेच चमकतो आणि जुना तेव्हाच उडून जातो. मेनूत जाऊन कॅमेऱ्याचा फ्लॅश टीटीएलवरून (म्हणजे आपोआप मोजमापावरून) मॅन्युअलवर आणला, ताकद १/३२ केली, की जमतं. पण लग्नाकार्यात दुसऱ्या फोटोग्राफरच्या प्रत्येक चमकेला आपलाही उडणार.

याच काळात एका मैत्रिणीने तिचा व्हिव्हिटार २८३ दाखवला. तेच नाव, तोच आकार, बुडाला ‘मेड इन कोरिया’. नीट मीटरने मोजला तर ९ व्होल्ट. तिने तो वर्षभर निर्धास्त वापरलाय. तिचं बघून मी माझा चढवला असता तर? मॉडेलचं नाव वाचून निर्णय घेणं किती पोकळ आहे ते त्या दिवशी कळलं.

दिवाळीत काकांकडे पुन्हा गेले. ते म्हणाले, मी डबी करून देतो, कॅमेऱ्याचा आणि फ्लॅशचा तारेने संबंधच ठेवायचा नाही. मधे ऑप्टोकपलर. एका बाजूला छोटा एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाशाने चालू होणारा स्विच, आणि दोघांत फक्त उजेड. कॅमेऱ्याने दोन पेन्सिल सेलांचे ३ व्होल्ट जोडायचे, बाकीचं पलीकडे. तेसुद्धा सेलमधून थेट नाही, एका बारक्या कपॅसिटरमधून, कारण कॅमेऱ्यातला तो स्विच एकदा चालू झाला की प्रवाह आटल्याशिवाय सुटत नाही. त्यांनी यादी लिहून दिली. सगळ्यात वर, खाली रेघ मारून, ऑप्टोकपलरच्या चिपचा नंबर: एमओसी ३०२१.

२५ नोव्हेंबरला, शनिवारी, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास तास दीड तास फिरले. पहिल्या दुकानात ‘नाही’, दुसऱ्यात ‘सोमवारी’. तिसऱ्याने सगळं एका पुडीत बांधून दिलं. सुटे भाग, डबी, सेल धरून १७० रुपये. माझ्या कॅमेऱ्याला सिंक कॉर्डचं भोकच नाही, म्हणून खाचेत बसणारा हॉटशू अडॅप्टर ३५०, कॉर्ड २८०, फ्लॅश उभा करायचा बेस २५०.

२ डिसेंबरला काकांनी माझ्यासमोर डबी जुळवली. आप्पांनी पहिल्या चाचणीसाठी यशिका मॅट १२४ जी आणला होता. त्याच्यात जुन्या पट्ट्याच आहेत, जळायला काही नाही. नवी जोडणी पहिल्यांदा अशा कॅमेऱ्यावरच तपासावी. शटर दाबलं. टिक. फ्लॅश ढिम्म. पुन्हा टिक. काकांनी सोल्डरचे डाग तपासले, सेल बदलले, दुपारचं जेवण लांबवलं. संध्याकाळी भिंगातून चिपकडे बघत एकदम हसले. “दुकानदारानं ३०४१ दिलाय.”

एका आकड्याचा फरक. ३०४१ हा वीजपुरवठ्यासाठी असतो आणि दाब शून्याजवळ आल्याखेरीज चालूच होत नाही. घरातल्या विजेचा दाब सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, आमच्या फ्लॅशचा तीनशेवर ठाण मांडून बसलेला. तो बिचारा शून्याची वाट बघत बसला होता. पुडी घेताना चिपच्या पाठीवरचा आकडा वाचायला हवा होता. माझं काम बँकेत आकडे तपासायचं, हे आप्पांनी लगेच आठवण करून दिलं.

योग्य चिप मिळवायला पुन्हा एक फेरी. १६ डिसेंबरला ती बसवली. यशिकाचं शटर दाबलं आणि दुकानातले सगळे टेपरेकॉर्डर एका क्षणासाठी नवे दिसले. त्या दिवशी शंभर वेळा उडवला, मधे मधे गार होऊ देत. मग कॅमेऱ्याकडच्या टोकावर काकांच्या मीटरने मोजलं: ३.१ व्होल्ट, मधला टिपका धन. तरी डी ५६०० जोडताना माझा हात थरथरत होता. उडाला. मेनू नीट, शटर नीट. काकांनी मजुरीचे दोनशे सांगितले, आप्पांनी चारशे ठेवले, दोघांची पाच मिनिटं हुज्जत झाली.

रिचार्जेबल पेन्सिल सेलचे ९५० धरून सगळा खर्च साधारण २,४०० रुपये, एसटी वेगळी. एवढ्यात थोडी भर घातली की साधा नवा मॅन्युअल फ्लॅश येतो, हे मला माहीत आहे. फक्त उजेड हवा असेल तर तोच घ्या.

जानेवारी सरावात गेला. कॅमेऱ्याला फ्लॅश आहे हे ठाऊकच नसतं, त्यामुळे सगळं हाताने. कॅमेरा एमवर, म्हणजे मॅन्युअलवर, शटर १/१२५. माझा कॅमेरा १/२०० पर्यंत साथ देतो, त्याच्या वर गेलं की फोटोत काळा पट्टा येतो. ऑटो आयएसओ बंद, हे विसरू नका. माझे पहिले वीस फोटो त्यानेच भाजून काढले. बाकीचं मोजमाप फ्लॅश स्वतः करतो, आणि इथे मला त्या यंत्राचं खरंच कौतुक वाटलं. समोरच्या डोळ्याने परत आलेला उजेड मोजून तो स्वतःच थांबतो. बाजूच्या चकतीवर आयएसओ लावायचा (त्याच्यावर एएसए लिहिलंय), पिवळा, लाल, निळा, जांभळा यांतला रंग निवडायचा आणि त्या रंगासमोरचा एफ नंबर (लेन्सच्या छिद्राचा आकडा) कॅमेऱ्यावर ठेवायचा. डोकं छताकडे वळवलं तरी डोळा समोरच राहतो.

२८ जानेवारीला भाच्याचा साखरपुडा होता, कराडलाच. फ्लॅश स्टँडवर, डबी स्टँडला रबराने बांधलेली. आप्पांनी आदल्या रात्री फ्लॅशच्या पायाला लाल इन्सुलेशन टेप गुंडाळून वर बॉलपेनने लिहिलं होतं: ‘२६८. डबीशिवाय लावू नये.’ सेलची दुसरी जोडी खिशात घेऊन ते स्टँडजवळ खुर्ची टाकून बसले.

पूर्वी आप्पा मागे वळून बघायचेच नाहीत. शिट्टी थांबली की बोट आपोआप दाबायचं. त्या दिवशी दोन अंगठ्या, चार आत्या आणि एक रुसलेला मामा यांच्या गर्दीत मी फोटो काढत होते आणि प्रत्येक चमकेनंतर आप्पा पुढे वाकून नारिंगी दिव्याकडे बघत होते. दिवा लागला की मान हलवायचे. मला शिट्टी ऐकू येत होती. तरी मी त्यांची मान हलेपर्यंत थांबत होते.